फ्यूज माझ्या कनवटीला

मी गोठ्यात चपला घालून जाते, हा आमच्या घरातला माझ्यावरचा सगळ्यांत जुना आरोप. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी तो केला आणि पुढे कितीतरी वर्षं मागे घेतला नाही. आमच्या वाडीत गोठ्यात अनवाणी जायचं. गुरं बांधली तिथे लक्ष्मी, आणि लक्ष्मीपुढे पायताण चालत नाही. मी बिरवाडीची. आमच्या दारावरून कंपन्यांच्या गाड्या जायच्या, अंगणात खिळे नि काचा पडलेल्या असायच्या. रबरी चपलेशिवाय खाली पाय टाकायचा नाही हे मला लहानपणापासून शिकवलेलं. "कंपनीच्या गावची हाय ती," असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. म्हणजे हिला रीतभात कुठून असणार! मीही हट्टी. शेण काढीन, वैरण घालीन, पण पायात चप्पल असेल, म्हणाले. शेवटी धारा काढायचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. सकाळ-संध्याकाळ, अनवाणी.

हे सगळं सांगायचं कारण, त्या अनवाणी पायांनी आमच्या सासूबाई जवळजवळ गेल्या होत्या. आणि घरात ते म्हणणारी मी एकटी होते.

आमची वाडी पोलादपूरवरून कुडपणकडे जाणाऱ्या रस्त्याला, डोंगरावर. घरात बारा महिने राहतो आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. तिसरी म्हैस. नवरा महाडच्या एमआयडीसीत कामाला. माझ्याच माहेरगावात तो भाड्याची खोली घेऊन राहतो, कारण सासुरवाडीत फुकट राहिलं तर मान जातो म्हणे. सुट्टीला घरी येतो. धाकटे दीर मुंबईला. ते शिमग्याला आणि गणपतीला येतात. तिकडे एका मोठ्या इमारतीत ते देखरेखीला आहेत, म्हणून लाईटातलं सगळं त्यांना कळतं असं घराने ठरवून टाकलेलं. बल्ब गेला तरी सासूबाई म्हणायच्या, राहू दे, तो आला की बघेल. शिमग्याला गेलेला बल्ब गणपतीपर्यंत तसाच लटकायचा. स्टुलावर चढून मी तो बदलला तर आठ दिवस तोंड फुगायचं.

तर त्या वर्षी शिमग्याला भावजी आले आणि त्यांनी गोठा सुधारायला घेतला. जुन्या लाकडी मेढी वाळवीने खाल्ल्या होत्या. त्या काढून लोखंडी पाईप उभे केले आणि वर नवे पत्रे घातले. आईला अंधारात धारा काढाव्या लागतात म्हणून घरातून वायर ओढून गोठ्यात बल्बही लावला. त्यांच्या मनात आईविषयी माया होती, हे मी कधी नाकारलं नाही. घरचा फ्यूज सारखा उडायचा, तर त्यात त्यांनी जाडजूड तांब्याची तार भरली. आता बापजन्मात उडणार नाही, म्हणाले. सासूबाईंचा ऊर भरून आला. मी नुसतं विचारलं, की फ्यूज उडतो तो काहीतरी सांगायलाच उडत असेल ना? भावजी हसले. वहिनी, तुम्ही भाकऱ्यांचं बघा, म्हणाले. मी भाकऱ्यांचं बघितलं. अजून राग येतो, त्यांचा नाही, माझाच.

उन्हाळाभर म्हैस बाहेर आंब्याखाली असते. पावसाळा लागला तशी ती आत घेतली, आणि तिथून सुरू झालं. गोठ्याच्या दाराशी एक सपाट दगड आहे, त्यावर पाय ठेवून आत जायचं. म्हैस त्या दगडापाशी येऊन उभी राहायची ती राहायची. पुढचे पाय रोवायची, मान वर काढायची, डोळे पांढरे करायची. ओढून आत नेली आणि साखळी पाईपला बांधली की सगळा वेळ मागे ताणायची. पायांची नुसती चाळवाचाळव. पान्हा सोडायची नाही. तीन शेर देणारी म्हैस तांब्याभर दुधावर आली.

सासूबाईंनी तिला दांडक्याने मारलं. आणि खरं सांगायचं तर मीही मारलं. ती आत जावी म्हणून मागून तिच्या पाठीत काठ्या घातल्या, पायात रबरी चपला घालून. मला काही लागत नव्हतं ना, मग तिला काय कळ येते ते मला कसं कळणार?

वाडीत बोलणं सुरू झालं. नजर लागली. नवा गोठा बांधला आणि जागेच्या राखणदाराला विचारलं नाही. गुरवाकडे जाऊन कौल लावला, तर देवानेही तेच सांगितलं म्हणे. राखण, म्हणजे त्या राखणदाराला कोंबडा, द्यायचं ठरलं. श्रावण चालू होता, त्यामुळे कोंबडा पुढे ढकलला आणि तूर्त नारळावर भागवायचं ठरवलं. देवाला मी नावं ठेवत नाही. संध्याकाळी दिवा मीच लावते. पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. धारा काढून आल्या की सासूबाई ओट्यावर बसून हात झटकायच्या. मनगटाला कोमट तेल चोळायच्या. काय होतंय विचारलं की म्हणायच्या, काय नाय गो, हवा हाय पावसाची.

राखण द्यायच्या चार दिवस आधी घाटात लाईनवर झाड पडलं. तीन दिवस लाईट नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी कंदील धरून सासूबाईंबरोबर गेले. म्हैस दगडापाशी आली, दगड हुंगला आणि गपचूप आत गेली. मला वाटलं, मार खाऊन शहाणी झाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सासूबाई म्हणाल्या, बघ, नुसता नारळ बोलला तर देवानं ऐकलं. तिसऱ्या दिवशी दूध वाढलं. चौथ्या दिवशी दुपारी लाईट आली, आणि संध्याकाळी म्हैस पुन्हा दगडापाशी पाय रोवून उभी.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासूबाई दांडकं शोधत होत्या. मी काही न बोलता घरात गेले, मेन स्विच खाली केला, बाहेर आले. अंगणातला उजेड गेला. म्हैस दोन क्षण थांबली आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. गोठ्यात करंट उतरतोय, म्हटलं. तो घाबरला, पण त्याचं घोडं नेहमीच्याच ठिकाणी अडलं. आठ दिवसांत भाऊ येतोय, त्याचंच काम हाय, आपण मधेच वायरमन आणला तर त्याला वाईट वाटेल. मी म्हटलं, तुमच्या कंपनीत असंच करता का? मशीनमध्ये माणूस असताना भाऊ येईपर्यंत थांबता? त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं, की कंपनीत मशीनवर काम करायचं तर आधी स्विच बंद करतात, कुलूप घालतात, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते. मग साहेब येवो की साहेबाचा बाप, काम संपेपर्यंत किल्ली दुसऱ्याला मिळत नाही. शेवटी तो हळूच म्हणाला, तोवर धारेच्या वेळी मेन पाडत जा.

मी पाडत गेले. आणि इथे माझी चूक झाली. सासूबाईंना मी नीट सांगितलं नाही. एकदा सुरुवात केली, तर माझ्या लेकानं लावलेल्या लाईटला नावं ठेवू नको, असं ऐकावं लागलं. मग मी तोंड बंद ठेवलं. आमच्याकडे लाईट जायला कारण लागत नाही, त्यामुळे धारेच्या वेळीच ती कशी जाते हे त्यांनी विचारलं नाही. मधल्या दिवसांत राखण दिली गेली, म्हैस रोज निमूट आत जात राहिली, आणि सगळ्या वाडीत झालं की राखण लागू पडली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! मी मात्र दोन वेळा मेन पाडून चपला वाजवत फिरत होते, आणि वर बोलणी खात होते, की बघ, देवानं ऐकलं पण तुझ्या पायातलं काही सुटत नाय.

गणपतीच्या आदल्या दिवशी भावजी आले. तोरणं, फिरते दिवे, मखराला लावायच्या पट्ट्या, सगळं घेऊन. हातपाय धुवायच्या आत मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग आईला आणि मखर बांधायला जमलेल्या शेजाऱ्यांना घेऊन गोठ्याशी गेले, आणि माझ्या देखत पाईप मुठीत धरून उभे राहिले.

"काय होतंय, वहिनी? मी मेलो का?"

पायात चांगले जाड तळाचे बूट. जमलेली मंडळी हसली. सासूबाईही हसल्या.

"भावजी, बूट काढून धरा," मी म्हटलं.

काढले असते तर मीच आधी धावत जाऊन मेन पाडला असता, त्यांना शॉक बसू देण्याइतकी काही मी पापी नाही. पण त्यांनी काढले नाहीत. गणपतीच्या तोंडावर तमाशा नको, म्हणाले. बाईमाणसाला लाईटातलं काय कळतं, हे त्यांनी म्हटलं नाही. ते त्यांच्यामागे उभ्या असलेल्या चौघांनी म्हटलं. भावजींनी एवढंच ठरवलं की सणाचे दिवस मेन कुणी पाडायचा नाही. तोरणं सतत चालू राहतील, लोक दर्शनाला येतील. गोठ्याचं नंतर बघू.

नंतर म्हणजे कधी? बैल गेला आणि झोपा केला, तसं मला करायचं नव्हतं. पाऊस धरून होता, गोठ्याची जमीन चिखलाने भिजलेली, आणि दोन तासांनी सासूबाई हातात चरवी घेऊन अनवाणी त्यात बसणार होत्या. मी त्यांच्याकडे वळले.

"आई, खरं सांगा. धार काढताना हाताला मुंग्या येतात ना?"

"माझ्या हाताला काय नाय झालेलं," त्या म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले.

मग मी घरात गेले. मेन पाडला, फ्यूज उपसून काढला, पदरात गुंडाळला आणि कनवटीला खोचला. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की फ्यूज माझ्याकडे आहे आणि वायरमन येऊन गोठा तपासेपर्यंत तो माझ्याकडेच राहील. कुणाला काढून घ्यायचा असेल त्याने माझ्या कमरेला हात घालावा. भावजींचा चेहरा पडला. वहिनीच्या कमरेला कोण हात घालणार? आयुष्यात पहिल्यांदा मला बाईमाणूस असल्याचा उपयोग झाला.

आमच्या घरात दुसऱ्या दिवशी गणपती आला तो समयांच्या उजेडात. मुंबईची तोरणं पिशवीतच राहिली. फोन चार्ज करायला भावजी शेजारी जाऊन बसायचे. वाडीतले आरतीला आले ते अंधार बघून दारातच थबकले. विचारलं त्याला मी सांगितलं, गोठ्यात करंट उतरलाय, सासूबाई मरतील, म्हणून मी लाईट बंद ठेवलीय. ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही सांगितलं. दोघींनी कपाळाला हात लावला. एकजण म्हणाला, देवाला अंधारात ठेवलंस तू. मी म्हटलं, विजेच्या आधी देव आंधळे होते का? तो प्रसाद न घेताच गेला. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. वाढलेलं ताट त्या माझ्या हातून घेत नव्हत्या, मी खाली ठेवलं की मग उचलायच्या. ते लागलं मला. रात्री रडलेही. पण धार काढायला त्या गेल्या की दारात उभी राहायचे, एक हात कनवटीवर ठेवून.

नवरा गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आला. सगळे त्याची वाटच बघत होते, की आता हा बायकोला वठणीवर आणेल. त्याने हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात आला.

"फ्यूज तुझ्याकडंच हाय ना?"

"हाय."

"मंग असू दे. कुणाला देऊ नको," म्हणाला, आणि बाहेर जाऊन आरतीला उभा राहिला. लग्नात मंगळसूत्र घातलं तेव्हा वाटलं नव्हतं एवढं त्या दिवशी मला तो आपला वाटला.

मी फोन करून बोलावलेला पोलादपूरचा वायरमन तिसऱ्या दिवशी आला. त्याच्याही घरी गणपती, बिचारा जेवण अर्धं टाकून निघालेला. त्याने गोठ्यातली वायर बघितली, मग माझ्याकडून फ्यूज मागितला. तपासायचं तर लाईट लागणारच. मी आधी सासूबाईंना ओट्यावर बसवलं, म्हैस बाहेर आंब्याला बांधून घेतली, सगळ्यांना अंगणात थांबवलं आणि मग फ्यूज दिला. त्याने रबरी बूट घालून पाईपला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. दगडाला लागून उभ्या पाईपला लावला, पेटला. म्हशीच्या साखळीला लावला, तिथेही पेटला. गोठ्याचा बल्ब मात्र बंद होता.

भावजी म्हणाले, बटण बंद आहे मग करंट कुठून येतो? त्याने मेन पाडला, शिडी लावली आणि दाखवलं. वायर जिथे पत्र्याच्या कडेवरून आत उतरत होती तिथे वाऱ्यापावसात घासून तिचं वरचं कातडं गेलेलं. आतली तार पत्र्याला टेकत होती. पत्रा पाईपावर, पाईप जमिनीत. आणि बटण चुकीच्या तारेवर लावलेलं, त्यामुळे ते बंद केलं की बल्ब विझायचा पण वायरीतला करंट तसाच. मग त्याने विचारलं, घराची अर्थिंगची हिरवी वायर कुठे आहे? कुणाला आठवेना. नवऱ्याने मखराकडे बोट केलं. गेल्या गणपतीला ती वायर कामाची नाही म्हणून तोडली होती आणि तिने मखराचे बांबू बांधले होते. यंदाही तीच होती. घराला वाचवणारी तार आम्ही देवाच्या डोक्यावर गाठी मारून ठेवलेली, आणि वर त्याच्याकडे रक्षण कर म्हणून आरत्या चाललेल्या!

वायरमनने फ्यूजमधली जाड तार काढून भावजींच्या हातावर ठेवली. त्याने आवाज चढवला नाही. पत्रा गंजलेला, टेकत होती तीही जराशी, म्हणून आतापर्यंत थोडक्यात निभावलं, म्हणाला. नीट टेकली असती तर म्हैस गेली असती, आणि तिच्या आचळाला हात लावून बसलेला माणूसही गेला असता.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदराखालचे हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाल्या,

"मला येत व्हत्या मुंग्या. पार खांद्यापोत. मी बोलले नाय. बोलले असते तर म्हातारी झाली म्हणून तुम्ही म्हैस विकली असती नि मला मुंबैला नेऊन बशिवलं असतं." मग त्यांचा आवाज फुटला. "त्या मुक्या जनावराला कळलं. ती जात नव्हती तर मी तिला मारली."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मीही मारली, म्हटलं. आम्ही दोघी रडलो, आणि पुरुषमाणसं इकडेतिकडे बघत राहिली.

संध्याकाळपर्यंत काम झालं. नवी वायर पाईपात घालून लाकडी वाशावरून आणली, पत्र्यापासून लांब. बटण बरोबर तारेवर घेतलं. नवी अर्थिंग केली, घराबाहेर खड्डा घेऊन. गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवला. त्याचं बटण दाबून तो पडतो का, हे दर महिन्याला कसं बघायचं ते वायरमनने भावजींना सांगायला घेतलं. सासूबाई मधेच म्हणाल्या, त्याला नको, हिला दाखव. मग मी ते शिकले.

धारेची वेळ झाली. गोठ्यात बल्ब लागला. म्हैस दगडापाशी आणली. तिने पाय रोवले, मान वर केली. तिला कुणी सांगितलं होतं आता करंट नाही म्हणून? सासूबाईंनी या वेळी दांडकं उचललं नाही. त्या धाकट्या लेकाकडे वळल्या.

"बूट काढ."

"आई, तपासलंय ना त्यानं आता."

"तपासलंय ना? मंग काढ. तू उभा राहा आधी."

भावजी खाली बसले. नाड्या सोडायला त्यांना फार वेळ लागला. ओल्या दगडासमोर अनवाणी उभे राहिले आणि त्यांनी वायरमनकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. टेस्टर मी स्वतः लावून पाहिला होता. त्यांनी दगडावर पाय ठेवला, मग हात लांब करून पाईप धरला. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, पण ओल्या दगडावरचे ते अनवाणी पाय बघितल्यावर मला ती नकोच होती.

म्हैस काही त्या दिवशी आत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही ओढली नाही, बाहेर आंब्याखालीच धारा काढल्या. भावजी मात्र रोज त्या वेळेला बूट काढून दगडावर उभे राहायचे, शेजारी सासूबाई अनवाणी, आणि म्हैस दोघांकडे बघत उभी. तिसऱ्या संध्याकाळी तिने एक खूर दगडावर ठेवला. थांबली. मग दुसरा ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. पान्हा सोडला. चरवीत धारांचा आवाज सुरू झाला. इतकी वर्षं ऐकलेलं आठवलं, आणि वाटलं, आज तरी लक्ष्मीसमोर पायताण नको. मी दारात चपला काढायला वाकले.

सासूबाईंनी म्हशीच्या कुशीतून डोकंही वर केलं नाही.

"घाल गो त्या," म्हणाल्या. "घरात एकीच्या तरी पायात चप्पल पायजे."